समुद्राचं वर्ष

अक्का गेली त्या वर्षी आमची थीम समुद्र होती. धारवाडात बसून समुद्र! मी म्हटलंही, अगं, इथून समुद्र दिसतो तरी का? तर म्हणे, "दिसत नाही म्हणूनच लोक खेळतील."

आम्ही दोघी बहिणी मळमड्डीतल्या घरातून गोष्टींच्या खेळांची पुस्तकं काढायचो, मराठीत आणि कन्नडमध्ये. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. नातेवाईक विचारायचे, लुडोसारखं का? मी उत्तर देणंच सोडलं होतं. अक्का मात्र दर वेळी पहिल्यापासून समजावत बसायची.

वर्षाला एक थीम आणि चार पुस्तकं, हा तिचा शिरस्ता. समुद्राच्या वर्षी आधी होड्यांचे नियम, उन्हाळ्यात बेटं, पावसाळ्यात पाण्यातले राक्षस आणि दिवाळीला मोठं पुस्तक, म्हणजे सगळी सफर. मोठं पुस्तक नेहमी तीच लिहायची, तेही सगळ्यांत आधी. बाकीची तीन त्याच्याकडे नेणारी. हा क्रम कुणी हलवायचा नाही. जंगलाच्या वर्षी प्रेसवाला एकदा "मॅडम, मागचं पुढं करूया की" म्हणाला, तर बिचाऱ्याला चहासुद्धा मिळाला नाही.

होड्यांचं पुस्तक प्रेसला जायच्या बेतात होतं. अक्का दवाखान्यातून घरी आली होती, आता बरी होतेय असं समजून. डॉक्टरांनी मला आणि अप्पांना, आमच्या वडिलांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं, दिवाळी काही ती बघणार नाही. अप्पांनी बजावलं, तिला यातलं अक्षर कळता कामा नये. मी हो म्हटलं. पण मोठं पुस्तक छापून तिच्या हातात पडायलाच हवं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

पेजेची वाटी तिच्या हातात देताना सहज बोलल्यासारखं बोलले, "अक्का, यंदा मोठं पुस्तक आधी काढूया का?"

"खुळी आहेस का? लोकांकडे अजून होड्या नाहीत, आणि तू त्यांना वादळात ढकलणार?"

"प्रेसला आत्ता मोकळा वेळ आहे म्हणतात. आणि जरा वेगळं काहीतरी..."

मला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. अक्कानं वाटी बाजूला ठेवून विचारलं, "अप्पांना माहीत आहे?"

मी होकारार्थी मान हलवली. एवढी वर्षं क्रम लावणाऱ्या बाईला क्रम का बदलतोय ते कळणार नाही, असं मला वाटलं तरी कसं! मी हुंदके देऊन रडायला लागले आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"दिवाळीलाच काढ," ती म्हणाली. "आणि रडं पुरे. पुढच्या वर्षाची थीम सांग."

"मला काय माहीत?"

"सांग म्हणते ना. मला ऐकायचीय."

तोंडाला आलं ते बोलले, वाळवंट. "बरं. पहिलं पुस्तक?" उंट, मी म्हटलं. "उंट नंतर. आधी पाणी. कुठं मिळतं, किती पुरतं, ते कळू दे लोकांना." तिचे डोळे चमकायला लागले. दुसरं पुस्तक हरवलेल्या गावांचं ठरलं. तिसऱ्यात तिनं मला भुतं घालू दिली नाहीत, वाळूत कसली भुतं म्हणे. आम्ही चक्क भांडलो, नेहमीसारख्या.

"आणि मोठं पुस्तक कुणी लिहायचं?" मी बोलून गेले.

"तूच की आता," ती म्हणाली, आणि तिचा धीर सुटला. दुखणं आल्यापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. माझा हात घट्ट धरून ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मला लिहायचंय गं. ते पण मलाच लिहायचंय."