जाळीवरचा पुठ्ठा

वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये भोंडल्याची गाणी संपून खिरापती ओळखणं चालू होतं. मृणालने सासूबाईंबरोबर पाठवलेला स्टीलचा डबा मध्ये ठेवला होता. "तिखटच असणार, तिच्या हातचं गोड कुणी खाल्लंय?" असं कुणीतरी म्हणालं आणि सासूबाई ओठ मिटून नुसतीच मान हलवत राहिल्या. तेवढ्यात मृणालच्या नवऱ्याचा, अनिरुद्धचा मला फोन आला. आईला हॉलवर सोडून, वाटेत खरेदी करून तो घरी पोचला होता. "मृणाल उठत नाहीये. अँब्युलन्स येतेय. आईला आत्ताच काही सांगू नकोस." डबा न उघडताच परत गेला. त्यात काय होतं ते आमच्यापैकी अजून कुणाला माहीत नाही...

दोघं २०१२ साली पुण्याहून वेलिंग्टनला आली. तो आयटीत, ती औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीला. तीन वर्षांनी त्यांनी घर घेतलं. लाकडी, जुनं, टेकडीच्या उतारावरचं. इकडच्या अशा घरांत लाकडी जमिनीखालच्या पोकळीत गॅसची भट्टी असते. सगळे तिला फर्नेस म्हणतात. तिच्यात तापलेली हवा खोल्याखोल्यांतल्या झरोक्यांतून वर येते आणि गार झालेली हवा पॅसेजच्या भिंतीतल्या एका मोठ्या जाळीतून पंख्याने परत खाली ओढली जाते. जाळीमागे फिल्टर असतो. मृणालने घर ताब्यात आल्यावर पडद्यांच्याही आधी फर्नेसचं माहितीपत्रक वाचून काढलं होतं. दर महिन्याला ती फिल्टर काढून धुवायची आणि मागच्या डेकवर वाळत ठेवायची. मात्र आतली भट्टी उघडून तपासणं हे परवानाधारक गॅसफिटरचं काम. त्याला वर्षातून एकदा बोलवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. अनिरुद्धचं उत्तर ठरलेलं: "चालतंय ना? चालत्या सिस्टिमला हात लावायचा नाही." त्यावर ती म्हणायची, "गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख बरी लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की लक्षात राहते!" सगळे हसायचे, तोही हसायचा. गॅसफिटर पुढच्या हिवाळ्यावर जायचा. असे तीन हिवाळे गेले.

२०१७च्या नवरात्रात सासूबाई पहिल्यांदा तिथे होत्या. घट बसवायला पॅसेजचा कोपरा मिळाला, कारण पूर्वेकडची भिंत तीच. जाळी तिथून हातभर अंतरावर. फर्नेस सुरू झाली की अखंड दिव्याची ज्योत आडवी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी ती विझली. सासूबाईंनी दिवसभर अन्नाला हात लावला नाही. संध्याकाळी अनिरुद्धने टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जाळीवर बसवला, चारही बाजूंनी टेप लावून. काम चोख होतं. मृणाल म्हणाली, "आई, हे घराचं नाक आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं. तो पंखा मग खालून कुठूनतरी हवा ओढणार, आणि भट्टी नको तेवढी तापणार." सासूबाई म्हणाल्या, "नऊ दिवसांनी काही होत नाही गं. देवाचं आहे." नऊ दिवसांनी पुठ्ठा निघाला नाही, कारण मग रोजची सांजवातही तिथेच नीट तेवू लागली. फिल्टर धुवायला मृणाल तो काढायची. संध्याकाळी तो परत जागेवर असायचा. कोण लावतं यावर त्या घरात कधी भांडण झालं नाही. नुसता तो काढला जायचा आणि लावला जायचा.

पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून-जुलैत, मृणालचं डोकं दुखू लागलं. शनिवार-रविवारी जास्त, ऑफिसात अजिबात नाही. "सासू घरात असली की सगळ्यांचंच दुखतं," हा विनोद मैत्रिणींच्या ग्रुपवर बरेच दिवस चालला. सासूबाईंनाही घेरी यायची. त्या घेरीला बीपी हे नाव मिळालं. डॉक्टरांनी मृणालला ताण कमी करायला सांगितलं. घरात काय जळतं हे कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी भोंडल्याच्या दिवशी दक्षिणेचा गार वारा सुटला होता. घट बसले असताना घर रिकामं ठेवत नाहीत, दिवा एकटा सोडत नाहीत. डोकं दुखत होतंच, म्हणून मृणालनेच सांगितलं, "तुम्ही जा, मी बसते दिव्यापाशी." ज्योतीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या. फर्नेस सकाळपासून चालू होती. अनिरुद्ध घरात शिरला तेव्हा ती पॅसेजमध्ये सतरंजीवर कुशीवर पडली होती. दिवा तेवत होता.

तपासायला आलेल्या माणसाला भट्टीचा आतला पत्रा तापून तडकलेला सापडला. जळलेल्या गॅसचा बिनवासाचा विषारी वायू तिथून खोल्यांत येत होता. पत्रा पुठ्ठ्यामुळे तडकला की त्याआधीच, हे चौकशीत ठरेल. वर्षातून एकदा कुणी उघडून पाहिलं असतं तर तडा दिसला असता, हे ठरायची गरज नाही. फिल्टर हातात धरून तो म्हणाला होता, इतका स्वच्छ फिल्टर फार कमी घरांत दिसतो.

भेटायला येणारे वेगळंच बोलत होते. सवाष्ण गेली, नवरात्रात गेली, अखंड दिव्यापाशी गेली, सोनं झालं. अनिरुद्ध हे मान खाली घालून ऐकत होता. ऐकण्यात थोडा दिलासाही असावा. देवीने नेलं म्हटलं की गॅसफिटरचा प्रश्न उरत नाही.

परवा त्या घरी जाणं झालं. फर्नेसचा गॅस तोडून टाकलाय, पॅसेजमध्ये एक छोटा इलेक्ट्रिक हीटर आहे. त्याच कोपऱ्यात तिचा फोटो, समोर निरांजन. सासूबाई स्वेटरवर शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हळूच निरांजनाकडे बोट दाखवलं. "बघ. आता कसा शांत तेवतो."

जाळी उघडी होती. तिच्यामागे धुतलेला पांढरा फिल्टर दिसत होता. खाली पंखा बंद होता, म्हणून ज्योत हलत नव्हती.