हलू नका

मिरज स्टेशनातून गाडी सुटली आणि मी पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पिशवीत हात घालून पाकीट चाचपलं. पैशाचं नव्हे. लेन्सच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं जुनं पिवळं कागदी पाकीट. आत पोस्टकार्डाएवढा एक काळा-पांढरा फोटो. तो जिचा आहे तिला द्यायचा की नाही हे निघताना ठरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बंगळूर येईपर्यंतही ठरलं नाही.

मी फोटोवाला. वडिलांचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालवतोय. निम्मा धंदा मोबाईलने खाल्ला. उरले पासपोर्ट, शाळांची ओळखपत्रं आणि लग्नाळू मुलामुलींचे फोटो. दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य म्हणतो, ‘हलू नका.’ झोपेतही म्हणतो, असं मालती, माझी बायको सांगते. बंगळूरला एका बाईंचा फोटो काढायला चाललोय म्हटल्यावर ती म्हणाली, “एका फोटोसाठी एवढ्या लांब? तिकडचे फोटोवाले काय संपावर गेलेत?” आणि दशम्या, चटणी, स्वेटर असं सगळं भरून दिलं.

बोलावणं आलं होतं आदित्यचं. “मामा, आईला एक प्रॉपर पोर्ट्रेट हवंय. मी इकडचे तीन फोटोग्राफर सजेस्ट केले, पण ऐकतच नाही. म्हणते, श्रीकांतनेच काढायचं.” आदित्यची आई म्हणजे उषा, आमच्या गल्लीतली, तीन घरं सोडून राहणारी. आईच्या माहेरचा म्हणून तो मला मामा म्हणतो. फोनवर चारदा म्हणाला आणि चारही वेळा मला टोचलं.

बेळगाव गेलं, धारवाड गेलं. बाहेर काळी रानं, मधूनच एखादं तळं. मी खिडकीशी बसून उषाची हनुवटी आठवत होतो. तिच्या हनुवटीवर एक काळसर व्रण होता, माझ्याच भोवऱ्याची लोखंडी आर लागून झालेला. मी नऊ वर्षांचा, ती सात. पुढे मोठेपणी ती मला आवडायला लागली. इतकी आवडायची की ती स्टुडिओसमोरून गेली तर मी प्रिंट धुवायची विसरायचो. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. आणि एक दिवस तिचे वडील, अण्णाच तिला घेऊन स्टुडिओत आले. स्थळाकडे पाठवायला फोटो हवा होता. मुलगा बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनीअर.

फोटो काढला. अण्णा म्हणाले, “हनुवटीवरची ती खूण तेवढी घालवा.” तेव्हा कॉम्प्युटर कुठला! निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून डाग झाकायचे. तासभर मान मोडून बसलो आणि माझी खूण माझ्याच हाताने घालवली. इतका देखणा फोटो मी आधी काढला नव्हता, नंतरही नाही. पंधरा दिवसांत तिचं लग्न ठरलं. गाढव कुठला मी!

त्या दिवशी स्टुडिओतून निघताना अण्णा चपला घालायला वळले, तेवढ्यात ती माझ्याकडे बघून हसली आणि मी बटण दाबलं. तो दुसरा फोटो, व्रणासकट. पाकिटात होता तो हाच.

सकाळी बंगळूरला उतरलो. हवेत गारवा, आणि ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड. असा उजेड आयता मिळाला की फोटोवाल्याचं अर्धं काम होतं. उषाचं घर राजाजीनगरात, सहाव्या ब्लॉकमध्ये. गाडीत एका आजोबांकडून कानडी आकडे शिकून घेतले होते, तोच शहाणपणा नडला. ऐटीत रिक्षावाल्याला म्हणालो, “अण्णा, मूरने ब्लॉक!” मूरु म्हणजे तीन आणि आरु म्हणजे सहा, हे तिसऱ्या ब्लॉकात तीन फेऱ्या मारल्यावर ध्यानात आलं. रिक्षावाला बिचारा प्रत्येक दुकानाशी थांबून म्हणायचा, “स्वल्प रुको, मैं पूछता.” मी म्हटलं, पूछ बाबा, सावकाश पूछ. पोचायची भीतीच वाटत होती मला.

दार तिनेच उघडलं. पांढरे केस, जाड चष्मा. मी मात्र आधी हनुवटी बघितली. व्रण जागेवर होता.

“बन्नि, बन्नि (या, या),” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. “बघ, मराठीच विसरले. ये रे श्रीकांत. तिंडी आयता? (नाश्ता झाला का?)”

अवरेकाळूचं उप्पीट (म्हणजे आपल्या पावट्याचं) आणि पितळी वाटीतली फिल्टर कॉफी पुढे आली. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून आदित्य आला तो ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतच. “काका, सॉरी, मामा, लाईट्स वगैरे काही अरेंज करू का?” मी म्हटलं, तुमच्या व्हरांड्यातला उजेड पुरे आहे. तेवढ्यात त्याचा ऑफिसचा फोन आला आणि तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला.

भिंतीवर तिच्या यजमानांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मी निरखून पाहिला. अंधुक, आणि एक कान अर्धा कापलेला.

“कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलाय,” उषा म्हणाली. “गेले तेव्हा दुसरा धड फोटोच सापडेना. म्हणून म्हटलं, आपला आधीच काढून ठेवावा. हारातला.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“बरं. पण माणूस चांगला होता हो. काही कमी पडू दिलं नाही मला. तू काढलेला फोटो बघूनच हो म्हणाले होते. लग्नानंतर पहिला प्रश्न काय विचारला असेल? हा व्रण कसला?”

“काय सांगितलंस?”

“पडले म्हटलं. तुझं नाव कशाला घेऊ?”

तिला व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसवलं. मान थोडी डावीकडे घ्यायला सांगितली. कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने म्हणालो, “हलू नका.”

ती हललीच. पदर तोंडाशी धरून हसायला लागली. “परत ‘नका’? अरे, तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

“काय म्हणालो होतो?”

“हलू नका. जन्मभर ‘ए उषे’ म्हणून हाका मारणारा तू. अण्णा मागे उभे होते म्हणून एकदम अहो-जाहो! मी त्या स्टुलावर बसून वाट बघत होते, तू काहीतरी बोलशील. ‘नका’ ऐकलं आणि कळलं, हा काही बोलायचा नाही.” ती हसायची थांबली. “म्हणून मग मी हलले नाही.”

चाळीस वर्षं मला वाटत होतं, तिला ठाऊकच नव्हतं. समोर माणूस बसलेला असतो, त्याच्या डोळ्यात सगळं लिहिलेलं असतं, आणि मी आपला हनुवटी, कॉलर आणि उजेड बघत बसतो. कसला फोटोवाला!

“हलू नको, उषे,” मी म्हटलं.

“सरी (बरं),” ती म्हणाली आणि बसली. मी फोटो काढला. एकच.

“ह्या व्रणाला हात लावशील तर बघ,” तिने दम दिला. मग मी पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. ती बराच वेळ फोटो बघत राहिली. हसणाऱ्या मुलीच्या हनुवटीवरून तिने अंगठा फिरवला. आतून आदित्यच्या बोलण्याचा आवाज येत होता. तिने फोटो पाकिटात घातला, रुमालात गुंडाळला, माझ्या पिशवीत लेन्सच्या खाली सरकवला आणि चेन लावली.

“तुझ्याकडे इतकी वर्षं नीट राहिलाय,” ती म्हणाली. “राहू दे.”

परतीच्या गाडीत दशम्या तशाच राहिल्या. घरी मालतीने विचारलं, “निघाला का चांगला?”

“निघाला.”

“मग तोंड का असं?”

“गाडीत झोप झाली नाही,” म्हटलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. स्थळासाठी फोटो. माझ्या मागे उभं राहून म्हणाले, “गालावरचा तीळ तेवढा कॉम्प्युटरवर काढून टाका.”

“तुम्ही जरा बाहेर बसा,” मी म्हटलं.

ते बाहेर गेले. मुलगी स्टुलावर ताठ बसली होती, श्वास धरून. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं, ते गिळलं. कॅमेरा खाली ठेवला.

“काही बोलायचं असलं तर बोल, बाळ,” मी म्हटलं. “मी थांबतो.”