ट्रंकेतली तांबडी साडी

ती गेली त्या सकाळी मी इडलीचं पीठ फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. दुपारपर्यंत फुगून झाकणावर आलं होतं, एवढं मला लख्ख आठवतं. रडू आलं का, म्हणाल, तर नाही. अजूनही आलेलं नाही.

ती म्हणजे आमच्या समोरची नर्सबाई. विशीची असताना केरळातून मैसुरुला नोकरीला आली आणि हिनकलला आमच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिली. पुढे गल्लीतच समोर दोन खोल्या बांधल्या. नवरा लवकर गेला, मुलगी तेव्हा दोन वर्षांची. नाइट ड्यूटी असली की मुलगी माझ्याकडे निजायची. मला दोड्डम्मा म्हणते ती, इकडे मोठ्या मावशीला म्हणतात तसं. तिची आई मला अक्का म्हणायची. आमचं बोलणं कन्नडात सुरू व्हायचं, मध्येच माझं मराठी, तिचं मल्याळम, कसंही चालायचं.

भक्ती म्हणजे किती! इंजेक्शन द्यायच्या आधी ओठ हलायचे. पेशंटची नावं चिठ्ठ्यांवर लिहून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मासे बंद, आणि ती केरळची, म्हणजे बघा. माझ्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा ड्यूटी संपवून, सुजलेले पाय तसेच घेऊन ती त्याच्या उशाशी बसायची. मी एकदा म्हटलं, "तू तुझ्या देवाला सांग, मी भवानीला सांगते, एक तरी ऐकेल."

"अय्यो अक्का, देवांकडून टेंडर मागवतेस काय?" म्हणाली, आणि खरंच रागावली. दोन दिवस फक्त थर्मामीटरपुरतं बोलली.

तर आता साडीचं.

आम्ही रंगारी. तेव्हा मागच्या अंगणात सासऱ्यांची भट्टी चालू होती. एकदा तिने एक साडी आणून दिली. दुधाच्या सायीच्या रंगाचं रेशीम, बारीक जरीचा काठ. ट्रंकेचा गंज लागून मधोमध हाताएवढा डाग पडला होता. "अक्का, डाग तेवढा काढून दे. माझ्या लग्नातली आहे," म्हणाली आणि ड्यूटीला गेली. सासरे श्रीरंगपट्टणला लग्नाला गेलेले. मी पाहिलं, गंज खोल बसलेला. घासला तर रेशीम विरणार. आमच्या धंद्यात अशा वेळी एकच करतात, गडद रंगात बुडवतात. आणि मला वाटलं, लग्नातली साडी अशी फिकट कशी? नवीन नवीन शिकलेली मी. हौसेने कुंकवासारखी तांबडीलाल करून टाकली. जरीचा काठ तसाच झळझळत राहिला. डाग शोधून सापडेना.

संध्याकाळी तिच्यासमोर घडी उलगडली. ती बघतच राहिली. मग काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "रंग पक्का आहे ना, अक्का?"

"मरेपर्यंत जाणार नाही," मी म्हटलं, तोऱ्यात.

तो प्रश्न मला कळला पुष्कळ वर्षांनी. तिच्याबरोबरची एक नर्स वारली, मी सोबत गेले होते. बघते तर त्या बाईला जुनी, घड्या पडलेली साडी नेसवलेली. मी विचारलं तेव्हा आमच्या नर्सबाईने सांगितलं, की लग्नात नवरा चर्चमध्ये बायकोच्या डोक्यावर साडी घालतो. तिला मंत्रकोडी म्हणतात. ती साडी बाई जन्मभर जपून ठेवते आणि जाताना तीच अंगावर घेऊन जाते.

"मग तुझी?" मी विचारलं.

"माझी आहे की ट्रंकेत."

"अगं, पण मी..."

"साकु, अक्का. पुरे. देवाला माणूस दिसतं, रंग नाही. फक्त माझ्या पोरीला सांगू नको. ती तुझ्याशी भांडेल, मग मला तुम्हा दोघींचा डबा वेगळा करावा लागेल."

मी नाही सांगितलं. इतकी वर्षं नाही. पोरगी शिकून आईसारखीच नर्स झाली, आईसारखीच लांब गेली, आयर्लंडला. आईला शेवटचं पोचवायला ती येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला.

त्या दिवशी दुपारी तीनला चर्चमध्ये न्यायचं होतं. मी गेले तर ट्रंक उघडी, सगळ्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास, आणि पोरगी जमिनीवर बसलेली. आजूबाजूला साड्या. चर्चच्या दोन बायका दारात उभ्या.

"क्रीम रंगाची होती, आजी सांगायची," ती म्हणत होती. "दोड्डम्मा, आई म्हणायची ट्रंकेत आहे. नाहीये. कुठेच नाहीये."

"नवी पांढरी आणू या," त्यातली एक बाई म्हणाली. "वेळ कमी आहे, मोळे, पोरी."

ती तांबडी साडी तिच्या गुडघ्यापाशीच पडली होती. बाजूला टाकलेली. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. तिला दिलेला शब्दही राहिला असता. मी पंख्याकडे बघितलं. त्याचं एक पातं वाकडं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग मी खाली बसले आणि म्हटलं, "ही आहे. मी रंगवली. तुझ्या आईने फक्त डाग काढायला दिली होती."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "तू?" एवढंच. मग म्हणाली, "मग आईला ही अशी नेसायचीच नव्हती का?"

"नेसायची होती. म्हणूनच तर ट्रंकेत ठेवली."

ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. साडी उचलून उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं, अगदी आईसारखं, आणि आत, आईला ठेवलं होतं त्या खोलीत गेली. मला ये म्हणाली नाही. नको पण म्हणाली नाही. मी मागून गेले आणि निऱ्या मीच घातल्या. तिच्या आईचे हात गार होते, माझेही.

चर्चमध्ये फादरनी उघड्या शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. आत सगळं पांढरं सॅटिन, आणि त्यावर ती तांबडी. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते. मी मात्र डोळे उघडे ठेवून एकाच जागी बघत होते, पदराच्या टोकाला, जिथे पाणी पडून कापड भिजलं होतं आणि खालच्या सॅटिनला टेकलं होतं.

झाकण लावेपर्यंत बघितलं. रंग सुटला नाही.