पाळी बदलताना

आज सात तारीख. शहापूरजवळच्या खासगी इस्पितळातले जुने संगणक भंगारात काढताना औषधाच्या काउंटरवरचा संगणक हाती आला आणि ती सकाळ आठवली. पाळी बदलली की नवी परिचारिका स्वतःच्या नावाने लॉगिन करायची, आणि तेव्हा आपोआप चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, साऱ्या विभागांचे प्रिंटर एकेक करून जोडत बसायची. त्या सकाळी नेमकी पाळी बदलत असतानाच डोळखांबकडच्या एका बाईला साप चावला म्हणून आणलं होतं. "औषध कपाटात हाय ना? मंग देत का नाय?" तिचा नवरा ओरडला. "चिठ्ठी निघाल्याशिवाय कपाट उघडायचं नाय, दादा," म्हणत परिचारिका संगणक सांभाळणाऱ्या माझ्याकडे वळली, "ताई, पडद्यावरचं चक्र अजून फिरतंच हाय गो!" चिठ्ठी निघाली तेव्हा बाईचा श्वास थांबला होता. संध्याकाळपर्यंत मी नवी स्क्रिप्ट संगणकाच्या कोणत्या भाषेत लिहायची ते पारखत बसले. पायथन प्रत्येक संगणकावर नव्याने टाकावी लागणार होती, पॉवरशेल त्या जुन्या यंत्रांवर सुरू व्हायलाच वेळ खात होती. व्हीबीस्क्रिप्ट झटकन सुरू झाली. तिच्यात फक्त त्या काउंटरचा प्रिंटर जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलली तेव्हा लॉगिन चुटकीसरशी झाले आणि पडद्यावर कालच्या त्या बाईचीच चिठ्ठी आली: औषध देणे बाकी. ती मी रद्द केली, खणातली औषधाच्या कपाटाची किल्ली काढली आणि त्याच्याच शेजारच्या खिळ्याला टांगली.