हात न टेकता

मंगळवार, सकाळी साडेदहा. हजर: एक्क्याऐंशी वर्षांच्या माई, त्यांची सून आणि तपासणीला आलेली नर्स, म्हणजे मी.

रक्तदाब, नजर, गोळ्यांचा डबा, सगळं पाहून झालं. उरलं खुर्चीतून हात न टेकता लागोपाठ तीनदा उठणं. माईंनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा परत बसल्या.

"म्हणूनच दिवसभराची बाई ठेवतेय," सून म्हणाली.

"ठेव. तिच्यावर लक्ष ठेवायला मी आहेच," माई फणकारल्या.

मी निघाले. तोच "अगं, कुंकू न लावताच चाललीस?" म्हणत माईंनी शेजारच्या तिपाईवरून एका हातात करंडा आणि दुसऱ्या हातात नारळ घेतला, आणि त्या सरळ उभ्या राहिल्या. सून बघतच राहिली.

कंबर तीच, गुडघेही तेच. माणूस उठतो कशासाठी, हे आमच्या तक्त्यात कुठेच विचारलेलं नाही. नारळ पिशवीत टाकताना मला हसू आवरेना.

बाईचा निर्णय सुनेने आठवडाभर पुढे ढकलला आहे. लागोपाठ तीनदा उठून दाखवणं मात्र अजून बाकी आहे.