अर्थ नसलेली गिटार

आमच्या घरी बिस्किटांचा एक रिकामा डबा आहे. माझी गिटार उघडून पुन्हा बंद केली की दर वेळी एखादा स्क्रू उरतो, तो मी त्यात टाकतो. कुठला स्क्रू कुठून निघाला हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण प्रत्येकाबरोबर एक किस्सा मात्र हमखास उरलेला आहे! डबा अर्धा भरलाय. परवा बायकोने आत डाळ आहे समजून तो हलवून पाहिला.

आधी माणसं सांगतो. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत गाणाऱ्यांचा एक छोटा ग्रुप आहे. जयंतीला, लग्नांना, नामकरणांना आम्ही गातो. मंगलताई गायिका. त्या पेठ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात आणि शनिवारी एसटीने घरी येतात. ढोलकीवर भाऊसाहेब, पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये इलेक्ट्रिशियन. गिटारवर मी. कॉलेजात लॅब असिस्टंट आहे आणि विजेला जाम घाबरतो.

हसू नका. मी सात वर्षांचा असताना कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला आणि आई तिला चिकटली. बाबांनी स्वयंपाकघरातला लाकडी पाट आणून तिला ढकललं, म्हणून ती वाचली. तो आवाज, आईचा तो चेहरा, अजून डोळ्यांसमोरून जात नाही. गीझरचं बटणसुद्धा मी रबरी चप्पल घालून दाबतो.

आणि असा माणूस इलेक्ट्रिक गिटार घेतो!

* * *

घेतली, कारण भाऊसाहेबांच्या ढोलकीपुढे माझी साधी गिटार ऐकूच जायची नाही. मोबाईलवर एका व्हिडिओत एक जण सांगत होता, स्वस्तातली घ्या, लाकूड तेवढं बरं बघा, बाकीचं एकेक करून बदलत चला. मला पटलं. सुनीताला, म्हणजे बायकोला, सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे सगळं बदलावं लागेल अशीच मुद्दाम शोधून घ्यायची?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर!"

खोकं आलं आणि आठ दिवस पलंगाखाली पडून राहिलं. उघडायची हिंमतच होईना. रोज कॉलेजातून आलो की वाकून बघायचो आणि सरळ व्हायचो. नवव्या दिवशी सुनीताने केर काढताना ते ओढून बाहेर काढलं.

"उघडा आता," ती म्हणाली. "चावत नाही. मी बघितलंय हात लावून!"

* * *

पहिलं काम निघालं मानेचं. गिटारची मान म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लांब दांडी. आमच्या गिटारची मान मागे वाकलेली होती. तिच्या आत एक लोखंडी रॉड असतो, तो किल्लीने पाव आटा फिरवायचा. जास्त फिरला तर कामातून गेली! मी फोन स्पीकरवर ठेवून भाऊसाहेबांना गाठलं.

"भाऊसाहेब, मान लय मागं गेलीय. पिळू का?"

"पाव आटा पिळा. दमानं."

"कट्‌ आवाज आला हो!"

"येऊ द्या. आजून थोडी पिळा. नायच ऐकली तर रविवारी मी येतो, दोघं मिळून पिळू."

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या काकू आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या आणि खिडकीशी थांबून सगळं ऐकत होत्या. दार उघडलं सुनीताने. तिची मान त्या आठवड्यात धरली होती, म्हणून तिने गळ्याला डॉक्टरांचा पट्टा लावलेला.

काकूंनी डबा खाली ठेवला, सुनीताचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "पोरी, आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चल!"

* * *

मग पिकअप. तारांच्या खाली चुंबकाची एक पट्टी असते, ती तारेचा आवाज उचलते. तिला पिकअप म्हणतात. आमच्या गिटारला दोन होते आणि दोन्ही टाकाऊ. नवे आणायला माझ्याबरोबर भाऊसाहेबांनी यायचं ठरलं, म्हणून त्यांनी कोल्ड स्टोरेजमध्ये सुट्टी मागितली.

"नाशिकला जायचंय साहेब. दोन पिकअप घ्यायचेत."

आता पिंपळगावात पिकअप म्हटल्यावर द्राक्षं भरून नेणारी गाडी सोडून दुसरं काय कुणाच्या डोक्यात येणार? साहेब खुर्चीतून उठले. सीझन तोंडावर, गाड्या मिळत नव्हत्या. आणि आपला इलेक्ट्रिशियन एकदम दोन घेतोय!

भाऊसाहेब संध्याकाळी परतले तर कोल्ड स्टोरेजच्या गेटवर तीन ड्रायव्हर लायसन्स हातात घेऊन उभे. भाऊसाहेबांनी खिशातून पिकअप काढून दाखवले. दोन्ही एका तळहातावर मावत होते.

एक ड्रायव्हर निरखून बघत म्हणाला, "भाऊ, ह्यात माल कुठं भरायचा?"

* * *

पिकअप बसवले, तरी अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा घूंऽऽ असा आवाज काही जाईना. भाऊसाहेबांनी मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि मान हलवली.

"सर, याला अर्थच नाय!"

मला फार लागलं ते. म्हटलं, "भाऊसाहेब, अजून शिकतोय मी. एवढं तोडून बोलू नका."

"आवो, तुमच्या वाजवण्याचं नाय बोलत! अर्थिंगची वायर म्हंतो मी. तारांपस्तोर जोडलेलीच नाय!"

त्यांनी वायर जोडली. आता तारांना हात लावला की घूं बंद, हात काढला की सुरू. मला आनंद व्हायच्या आधी घामच फुटला. म्हटलं, याचा अर्थ आता माझं अंगसुद्धा त्याच वायरीत जोडलं गेलं!

"जोडलं ना," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "आता गिटारला अर्थ हाय. फक्त जिथं वाजवाल तिथल्या घराला अर्थ हाय का, तेवढं बघत जा. नसला तर तारंत करंट यायचा."

ते गेले. मी स्वयंपाकघरात गेलो. सुनीता भाकऱ्या थापत होती.

"सुनीता, खरं सांग. आपल्या घराला अर्थ आहे का?"

तिचा हात परातीतच थांबला. "असं का विचारताय हो?"

"नसेल तर मला आजच कळलं पाहिजे. मला फार भीती वाटतेय."

ती पदराने डोळे पुसून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने येवल्याहून तिचा भाऊ आला. माझ्यासमोर बसला, चहा बाजूला सारला आणि म्हणाला, "दाजी, काय असंल ते मोकळं बोला. पण वीस वर्षांचा संसार असा मोडू नका!"

* * *

पुढचा किस्सा सांगताना मी हसत नाही.

जयंतीची तालीम समाजमंदिरात होती. मंगलताईंच्या एका हातात माइक. "दादा, इथून उचला," असं म्हणत त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट माझ्या तारेवर ठेवलं. चट्‌ झालं. माइक खाली पडला आणि ताई दोन पावलं मागे गेल्या, हात झटकत. मी जागचा हललोच नाही. मला त्यांच्या जागी आई दिसत होती.

भाऊसाहेबांनी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची पिन काढली आणि भिंतीवरचा बोर्ड उघडला. अर्थची हिरवी वायर भिंतीत शिरून तिथेच संपली होती. नुसती दाखवायला!

ताईंना काही झालं नाही. पण मी गिटार खोक्यात घातली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. सांगून टाकलं, आपण वाजवणार नाही.

पुढच्या शनिवारी ताई एसटीतून उतरून थेट आमच्या घरी आल्या. हातात वडिलांची वही. वडील गाणी लिहायचे. त्यातलं एकही स्टेजवर आलं नाही आणि ते गेले.

"दादा, सुरुवातीचा तुकडा तुमच्या गिटारवर बसवलाय. तो नसेल तर मी बाबांचं गाणं गाणार नाही."

"ताई, तुम्हाला काही झालं तर?"

"घाबरायचं मी, आणि घाबरून बसलाय तुम्ही!" त्या म्हणाल्या. वही मात्र ठेवून गेल्या.

* * *

जयंतीच्या दोन दिवस आधी भाऊसाहेबांनी स्टेजमागे कमरेएवढा खड्डा खणला. त्यात पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ भरलं. उन्हाने जमीन खडखडीत, म्हणून वर बादल्यांनी पाणी ओतत राहिले. त्यांना बघून येणारी-जाणारी बाईसुद्धा तांब्याभर ओतायला लागली. एका आजींनी विचारलं, "काय हाय रं हे?"

"अर्थ हाय, आजी."

आजींनी हात जोडले आणि एक फूल वाहिलं.

संध्याकाळी मैदान भरलं. भाऊसाहेबांनी माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच नव्या बोर्डाला जोडले, सगळं टेस्टरने तपासलं आणि मला बोटाने खूण केली, ओके! मला मात्र ओके वाटत नव्हतं. मी घरून पाट आणला होता. तोच, बाबांचा. स्टेजवर तो मांडून, पायात रबरी चपला घालून मी त्याच्यावर उभा राहिलो. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. सुनीता कपाळाला हात लावून बसली होती.

मंगलताईंनी वही उघडून स्टँडवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. माझी बोटं तारांपासून वीतभर लांब होती आणि जवळ जायला तयार नव्हती. स्पीकरमधून घूंऽऽ चाललं होतं. एक मिनिट गेलं. लोक कुजबुजायला लागले.

ताई चालत माझ्याकडे आल्या. पायांत चपला नव्हत्या, स्टेजवर चढताना काढल्या होत्या. माइक त्यांनी ओठांना टेकवला. मी "ताई, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी दुसरा तळवा माझ्या सहाही तारांवर पसरून दाबून धरला.

घूं बंद झालं. अख्खं मैदान गप्प.

ताईंनी हात तसाच ठेवला आणि माइकमधून म्हणाल्या, "दादा, अर्थ आहे. वाजवा."

मी चपला काढल्या आणि पाटावरून खाली उतरलो.