तुरीचं जहाज

अकोल्याला समुद्र नाही, पण समुद्रात जहाज अडलं की इथल्या दालमिलांना त्याच दिवशी कळतं. मिलमध्ये भरडली जाणारी सगळी तूर आता काही वऱ्हाडातली नसते. बरीचशी आफ्रिकेतून, ब्रह्मदेशातून येते, कुठल्यातरी बंदरावर उतरते आणि ट्रकनं आमच्याकडे पोचते. त्यामुळे आमच्या गावातली माणसं समुद्र न पाहताही जहाजांबद्दल बोलत असतात.

माझी आई अशाच एका मिलमध्ये डाळ निवडायला जायची. शाळा सुटली की ताई आणि मी तिथंच जायचो. मी पोत्यांवर बसून गृहपाठ करायची आणि ताई यंत्रांच्या भोवती. पट्टा कुठून फिरतो, चाळणी का थरथरते, भुसा बाहेर कुठं फेकला जातो, असं विचारून ती मिस्त्रीला भंडावून सोडायची. मिलचे मालक शेठजी तिला हाकलत नसत. "बघू दे तिले," म्हणायचे, "फक्त ओढणी बांधून घे वो पोरी, पट्ट्यात जाईल."

बारावीनंतर जहाजाच्या इंजिनाचं शिक्षण घ्यायचं ताईनं ठरवलं. आमच्या वस्तीत कोणी डॉक्टर झालं होतं, कोणी बँकेत, कोणी तलाठी. जहाजावर कोणी गेलं नव्हतं. बाबा तेव्हा हयात नव्हते. आईनं एवढंच विचारलं, "पोरी घेतात का तिथं?" ताई म्हणाली, "आता घेतात." प्रवेशपरीक्षा अमरावतीला होती आणि नेमका एसटीचा संप होता. शेठजींनी स्वतः जीप काढली, ताईला पुढं बसवलं आणि अमरावतीपर्यंत नेलं. पेपर सुटेपर्यंत केंद्राबाहेर झाडाखाली बसून राहिले. हे आमच्या घरात कोणी कधी विसरलं नाही.

ताई पुढे बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर राहिली, मग सरकारी परीक्षा देऊन एका बंदरावर जहाजांची तपासनीस झाली. त्या नोकरीतून पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा आईनं चहा पुढं ठेवत विचारलं, "म्हंजे तू करतं तरी काय तिथं?"

"बाहेरदेशाचं जहाज आलं की त्याच्यावर चढतो आणि पाह्यतो, ते समुद्र घाण करून राहिलं का."

"दुसऱ्याच्या देशाचं जहाज. त्याच्यावर आपला हुकूम कसा चालंन?"

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. ताईनं बशी बाजूला सारली आणि आईला समजेल असं सांगितलं. जगातल्या देशांनी एकत्र बसून नियम केले: तेल, सांडपाणी, कचरा, धूर, यांतलं काय समुद्रात जाऊ शकतं आणि काय नाही. पण असा करार नुसता कागदावर चालत नाही. सही केलेला प्रत्येक देश तेच नियम आपल्या कायद्यात घालतो. आपणही घातलेत. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं, त्याच्यावर पहिली जबाबदारी त्या देशाची. पण तो देश लांब, जहाज त्याच्या डोळ्यांसमोर कधी येतही नाही. म्हणून जहाज ज्या बंदरात शिरतं, तिथल्या देशालाही तपासायचा हक्क दिलेला आहे.

"आणि एखाद्या देशानं सहीच नाही केली तर?" मी विचारलं.

"त्याचं जहाज आपल्या बंदरात आलं तर त्यालेही तोच नियम. सही नाही केली म्हणून सवलत नाही. नाहीतर सगळे त्याचाच झेंडा लावतील."

आई हसली. "हे बरं केलं," म्हणाली. कोणी लांब बसून आपल्यासारख्यांच्या मनातली पळवाट आधीच ओळखली, याचं तिला फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं. ताईच्या बोलण्यात कुठेही मोठेपणा नव्हता, पण हे काम तिला मनापासून आवडतं हे दिसत होतं.

मग ते तुरीचं जहाज आलं.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आफ्रिकेतून तूर घेऊन एक जहाज ताईच्या बंदरात लागलं. त्यातली काही तूर शेठजींची होती. तूर उतरत असताना ताई तपासणीला वर गेली. इंजिनखोलीच्या तळाशी तेलकट पाणी साचतं. ते तसंच समुद्रात सोडता येत नाही. तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून ते काढावं लागतं, आणि दहा लाख भागांत तेलाचे पंधराच भाग उरले तरच ते बाहेर जाऊ द्यायचं. उरलेला गाळ बंदरावर द्यायचा. बंदरानं तो घ्यायची सोय ठेवायची, हेसुद्धा नियमात आहे.

जहाजाचा मुख्य इंजिनिअर म्हणाला, यंत्र उत्तम चालतं. ताईनं ते चालवून दाखवायला सांगितलं. यंत्र सुरू झालं, पण लगेच गचके खाऊन बंद पडलं. तो म्हणाला, आजच बिघडलं. ताई गुडघ्यावर बसली आणि टॉर्च घेऊन पाइपांच्या मागे पाहू लागली. एका जोडावरच्या बोल्टांचा रंग उडालेला, पाना वारंवार लागल्यासारखा. बाकी सगळ्या बोल्टांवर रंगाचे थर तसेच होते. तिनं तो जोड खोलायला लावला. आत ताजं काळं तेल. खालच्या पत्र्याआड एक लवचीक पाइप गुंडाळून ठेवलेला सापडला. त्याचं एक तोंड त्या जोडावर बसत होतं आणि दुसरं थेट समुद्राकडे जाणाऱ्या नळावर. यंत्राला वळसा घालून सगळी घाण बाहेर.

ताईनं जहाज अडकवलं. दुरुस्ती होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत त्यानं बंदर सोडायचं नाही.

अकोल्यात बातमी पोचली ती "तुरीचं जहाज जप्त झालं" अशी. संध्याकाळी शेठजी आमच्या दारात. आता वय झालेलं, हातात काठी. ते आमच्या घरी क्वचितच येत. आईनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या पोरीनं जहाज पकडून ठेवलं. खरं का?"

आईला काहीच माहीत नव्हतं. मी ताईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि शेठजी बसले आहेत असं सांगितलं.

"शेठजी, नमस्कार. तब्येत कशी हाये?"

"तब्येत ठीक हाये बेटा. माझी तूर?"

"तूर उतरून राहिली. उद्या ट्रक भरतील. आमी जहाज अडकवलं, माल नाही."

शेठजींनी सुस्कारा सोडला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पुढं झुकले. "एक अजून गोष्ट हाये. तेच जहाज वापस जाऊन आमचा दुसरा माल आणणार होतं. जहाजाचा एजंट म्हणते, मॅडमनं मनावर घेतलं तर उद्याच सुटते. दुरुस्ती पुढच्या बंदरात करतील म्हणते. आमी सगळ्या मिलवाल्यांनी विचार केला, का... तू आपल्या गावची हायेस."

जीपचं नाव त्यांनी काढलं नाही. ते काढणारे माणूस नव्हते. पण आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत मला ती जीप दिसली.

मग आईच बोलली. "पोरी, शेठजींचे आपल्यावर उपकार हायेत, हे मी त्यांच्यासमोरच सांगतो. त्यांचं म्हणणं नीट ऐक. आन् मंग तुले जे बरोबर वाटते तेच कर. माझ्यासाठी काही करू नको."

"शेठजी," ताई म्हणाली, "तुमी मले अमरावतीले नेलं नसतं तर मी आज या जहाजावर चढलो नसतो. म्हणून तुमाले खोटं सांगत नाही. आज सोडलं तर पुढच्या बंदरापर्यंत ते तीच घाण समुद्रात टाकत जाईल. मी त्याच्या झेंड्याच्या देशाले कळवलं, आजूबाजूच्या देशांच्या बंदरांनाही कळवलं. आता ते सुटंल तर नीट होऊनच सुटंल. तुमचा माल दुसऱ्या जहाजानं मागवा. उशीर होईल, मले माहीत हाये."

शेठजींनी पाणी संपवलं, काठी घेतली, "येतो बाई," म्हणाले आणि गेले. आई दारापर्यंत गेली. परत येऊन तिनं कणीक मळायला घेतली.

जहाज दुरुस्त झालं, गाळ बंदरावर उतरवला गेला, ताईनं आपल्यासमोर यंत्र चालवून घेतलं आणि मगच ते सुटलं. शेठजींचा दुसरा माल खरोखरच उशिरा आला. बाजारात काही जणांनी ताईबद्दल वाईटसाईट बोलून घेतलं. "गावची असून गावाच्या उपयोगाची नाही," हे मीही ऐकलं, शाळेच्या फाटकाशी. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बोलतील. त्यांचं नुकसान झालं ना."

होळीला ताई घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतः शेठजींकडे गेली. मी सोबत होते. शेठजी अंगणात ऊन घेत बसले होते. त्यांनी तिला पाहिलं, मग घरात हाक मारली, "पोरी आल्या, नाश्ता पाठवा." कचोरी आली. तिसरी कचोरी ताटलीत वाढून ते म्हणाले, "आता सांग. तो पाइप तुले सापडला कसा?" ताईनं सगळं सांगितलं. रंग उडालेल्या बोल्टांपाशी ती आली तेव्हा शेठजींनी मांडीवर हात मारला. "आमचा मिस्त्री म्हणे, या पोरीच्या नजरेतून काही सुटत नाही," ते म्हणाले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर बाजारात कोणी काही बोललं की शेठजी स्वतःच ताईच्या बाजूनं उत्तर देऊ लागले, असं मला नंतर त्यांच्या मुनीमजींकडून कळलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन ताईच्या बंदरावर गेले. आईनं समुद्र प्रथमच पाहिला. लांबून ताई निळ्या बॉयलरसूटमध्ये एका उंच जहाजाची शिडी चढताना दिसली. आई पदर डोक्यावर ओढून, ती वर पोचून दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. "केवढं उंच हाये वो," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आम्ही तिघी कोळीवाड्याजवळच्या किनाऱ्यावर चाललो. आईचा पाय कशावर तरी पडला आणि तळव्याला काळा, चिकट गोळा लागला. डांबरासारखा. वाळूनं निघेना, पाण्यानं निघेना. जाळी वाळत घालणाऱ्या एका कोळणीनं ते पाहिलं आणि घरातून खोबरेल तेल आणलं. "पावसाच्या तोंडावर येतातच हे गोळे," ती म्हणाली, "जाळ्यांना पण लागतात. मग जाळं वायाच."

"हे जहाजांचंच का?" आईनं विचारलं.

"बहुतेक," ताई म्हणाली. "लांब समुद्रात कोणी सोडलं, कळत नाही. जे बंदरात येतं तेच मले पकडता येते."

आई वाळूवर बसली होती. ताईनं तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तेलाची बोटं फिरवत तो काळा डाग सावकाश पुसायला लागली. कोळीण शेजारी बसून आईला विचारू लागली, तुमच्या गावाकडे कुठले मासे खाता. आईनं सांगितलं, नदीतले, आणि दोघींचं बोलणं कालवणावर गेलं.